पाच मिनिटांचे एकोणपन्नास दिवस

(शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचा कोड लिहून नोकरी सोडून गेलेल्या एका फर्मवेअर इंजिनिअरला खुलं पत्र)

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण नोकरी सोडून मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर रुजू झालात आणि आपली खुर्ची माझ्या वाट्याला आली. खुर्चीसोबत आपला मॉनिटर आला आणि आपला कोडही आला. पैकी खुर्ची उत्तम आहे.

आपली प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. पण फर्मवेअरवाला माणूस त्याच्या कॉमेंटमधून कळतो, तसे आपण मला हळूहळू कळत गेलात. ‘टेम्पररी, नंतर बदलू.’ ‘हात लावू नये.’ ‘ही ओळ काढली तर बंद पडतं, का ते बघायचंय.’ या शेवटच्या कॉमेंटखाली तारीख आहे आणि ती २०२१ सालची आहे. आपण अजून बघताय, असं मी समजते.

मग आपला तो हँडओव्हरचा मेल. एवढ्या कोडचा ताबा देताना आपण एकच वाक्य लिहिलंत : ‘बोर्ड असल्याशिवाय यातलं काही तपासता येणार नाही.’ बोर्ड कुठे आहे ते मात्र लिहायचं राहिलं. चौकशी केली तेव्हा कळलं की एक बोर्ड सर्टिफिकेशनच्या लॅबमध्ये अडकलाय, दुसरा मार्केटिंगवाले कृषी प्रदर्शनांतून मिरवतायत आणि तिसऱ्यातून धूर काढण्याचं काम आपण स्वतःच उरकून गेलात.

तेव्हा मी बोर्डाशिवायच तपासलं. लॅपटॉपवर, टेबलाशी बसून. जे सापडलं ते आपल्याला खासगीत कळवता आलं असतं. पण आपल्यासारखे सर भोसरीपासून चाकणपर्यंत दर दुसऱ्या कंपनीत असल्यामुळे उघडच लिहिते. प्रत्येकाला वेगळं पत्र कोण लिहीत बसणार?

वाचकांना आधी यंत्र सांगते. आपल्याला ते माहीत आहे असं धरून चालते, जरी कोड वाचून तशी खात्री होत नाही. शेतीची लाईट पाळीने येते, पुष्कळदा रात्री. लाईट आल्यावर मोटर चालू करायला शेतकऱ्याला रात्री दोन वाजता चिखल तुडवत, सापा-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जावं लागू नये, म्हणून स्टार्टरच्या पेटीत ही आपली छोटी पेटी बसते. तिन्ही फेज आलेत का, व्होल्टेज पुरेसं आहे का, ते बघून ती मोटर चालू करते. विहिरीतलं पाणी संपलं की मोटरवरचा भार कमी होतो आणि करंट घसरतो. ते ओळखून ती मोटर बंद करते, ठरलेली मिनिटं थांबते, विहिरीला पाझरायला वेळ देते आणि मग मोटर परत चालू करते. किती मिनिटं थांबायचं ते शेतकरी पेटीवरच्या बटणाने ठरवतो. आत एटीमेगा ३२८ पी हा मायक्रोकंट्रोलर आहे : ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम. काम एवढंच, आणि एवढ्या कामाला हा जीव पुरून उरतो.

आता तक्रारी. दोन आल्या, एकाच डीलरकडून. पहिला शेतकरी म्हणतो, पाणी संपल्यावर मोटर बंद झाली ती झालीच. विहीर पुन्हा भरली, लाईट आहे, मोटर मात्र ढिम्म. दुसरा म्हणतो, मोटर बंद होते आणि दहा सेकंदांत परत चालू होते, कोरडी फिरते, बंद होते, परत चालू होते. त्याच्या मोटरचं वाइंडिंग जळलं. दोघांची पेटी एकच, कोड एकच. फरक इतकाच की पहिल्याने ५ मिनिटं लावली होती आणि दुसऱ्याने १०. डीलर मला फोनवर म्हणाला, “मॅडम, कमी लावलं तर जास्त थांबतंय आणि जास्त लावलं तर थांबतच नाही. आत काही उलटं बसवलंय का?”

या डीलरने आयुष्यात एक ओळ कोड लिहिलेला नाही. तरी त्याचं निदान आपल्या सगळ्या कॉमेंटपेक्षा अचूक निघालं, ते पुढे येईलच.

आधी आपला कोड लॅपटॉपवर चालवायचा म्हणजे काय काय सोसावं लागतं ते ऐका. पहिल्याच ओळीला कंपायलर अडला, कारण आपण एव्हीआरची, म्हणजे या चिपच्या घराण्याची, हेडर फाईल मागितली आहे आणि लॅपटॉपवर ती नाही. ती मिळवून दिली, तर प्रोग्राम सुरू होताक्षणी कोसळला. आपल्या चिपमध्ये पोर्ट बी हे मेमरीतल्या ३७ नंबरच्या पत्त्यावर राहतं. तिथे एक बिट लिहिला की पिनवर ५ व्होल्ट येतात आणि रिले खट्‌कन ओढला जातो. लॅपटॉपवर मात्र ३७ नंबरच्या पत्त्यावर जायची कोणाला मुभा नाही. तिथे पाऊल टाकलं की ऑपरेटिंग सिस्टिम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणते आणि जागच्या जागी निकाल लावते.

मग खोटी हेडर फाईल लिहिली. तिच्यात पोर्ट बी हे एक साधं व्हेरिएबल, करंट मोजून आकडा देणारं एडीसी हे दुसरं. कंपाइल झालं, कोसळलंही नाही. नुसतं बसून राहिलं. डीबगर लावून पाहिलं तर प्रोग्राम करंट मोजायच्या फंक्शनमध्ये अडकलेला. तिथे आपण एडीसीला ‘सुरू कर’ सांगणारा बिट १ करता आणि तो ० होईपर्यंत व्हाइल लूपमध्ये वाट बघता. खऱ्या चिपमध्ये मोजणी संपली की हार्डवेअर तो बिट खाली आणतं. माझ्या खोट्या व्हेरिएबलला खाली आणायला कोणी नव्हतं, म्हणून प्रोग्राम तिथे कल्पांतापर्यंत बसायला तयार होता. टायमरच्या फ्लॅगचं त्याहून विचित्र. तो पुसायचा तर त्यात १ लिहायचा असतो. चिपवर १ लिहिलं की त्याचा ० होतो, लॅपटॉपवर १ लिहिलं की १च राहतो. रजिस्टर दिसायला व्हेरिएबलसारखं असलं तरी त्याच्या पाठीमागे एक यंत्र उभं असतं. आणि हे यंत्र, सर, आपण प्रत्येक फंक्शनमध्ये घुसवून ठेवलंत.

प्रत्येक म्हणजे खरोखर प्रत्येक. ‘पाणी संपलं का?’ हे ठरवणाऱ्या फंक्शनच्या पोटात एडीसीची मोजणी आहे. मोजणीच्या मध्येच रिलेची पिन खाली ओढली आहे. पिन ओढल्यावर एलसीडीवर ‘ड्राय रन’ छापलं आहे. आणि छापून झाल्यावर, आता किती वेळ थांबायचं, त्याचा गुणाकार केला आहे. निर्णय, पिना आणि पाट्या यांची आपण अशी खिचडी शिजवलीत की तांदूळ वेगळा काढायला गेलं तर सोबत डाळ येतेच. मग ‘बोर्ड असल्याशिवाय तपासता येणार नाही’ हे खरंच झालं की! फक्त तो निसर्गाचा नियम असल्यासारखा आपण मेलमध्ये लिहिलात. ती आपली स्वतःची कमाई आहे, श्रेय घ्यायला संकोच करू नका.

निसर्गाचा नियम तो नाही, हे १९७५ सालीच सिद्ध झालं होतं. त्या वर्षी जानेवारीच्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचा घरी जोडता येईल असा संगणक झळकला. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी तो बनवणाऱ्या कंपनीला कळवलं की या यंत्रासाठी आमच्याकडे बेसिक भाषा तयार आहे. ती तयार नव्हती, आणि अल्टेअर तर दोघांनी हाताळलाही नव्हता. अ‍ॅलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर इंटेल ८०८० सारखा वागणारा सिम्युलेटर लिहिला, गेट्सने त्यावर बेसिक उभं केलं, अपूर्णांकी गणिताची बाजू माँटी डेव्हिडॉफने सांभाळली. मग अ‍ॅलन विमानाने अल्बुकर्कीला निघाला. कागदी पट्टीवरचा प्रोग्राम मशीनमध्ये घेणारा लोडर लिहायचा राहून गेला होता, तो त्याने विमानात बसून लिहिला. खऱ्या यंत्राशी पहिल्यांदाच गाठ पडली, त्याला दोन अधिक दोन विचारलं, चार आलं. सिम्युलेटर लिहिताना ८०८० ची एखादी सूचना चुकीची समजली गेली असती तर भर कचेरीत फजिती ठरलेली होती. पण त्यांनी चिपचं मॅन्युअल नीट वाचलं होतं. आपल्या चिपची डेटाशीट आपल्या फोल्डरमध्ये मला मिळाली, सर. झिप फाईल होती. उघडलेली नव्हती.

तर मी निर्णय वेगळा काढला. एक नवी फाईल केली. तिच्यात पिन नाही, रजिस्टर नाही, एलसीडी नाही. तिला तीन फेजची व्होल्टेज, मोटरचा करंट, शेतकऱ्याने लावलेली मिनिटं आणि आत्ताची वेळ एवढं द्यायचं. तिने मोटर चालू की बंद ते सांगायचं. पिना हलवणारी फाईल निराळी, तिने सांगितलेलं ऐकायचं आणि स्वतःचं डोकं चालवायचं नाही. यात माझी हुशारी काही नाही. एकच कोड पीसीवरही आणि बोर्डवरही चालेल अशा बेताने लिहा, हे जेम्स ग्रेनिंग यांनी एम्बेडेड सीच्या टेस्टिंगवरच्या आपल्या पुस्तकात २०११ सालीच सविस्तर सांगून ठेवलंय. आपल्या कपाटात त्या पुस्तकाची छापील प्रत आहे, कॉफीच्या कपाखाली ठेवून ठेवून तिचं मुखपृष्ठ गोल गोल डागाळलंय.

या बदलात ‘आत्ताची वेळ’ बाहेरून देता येते, ही सगळ्यात मोठी चैन. रात्री दोनला लाईट आली, तीनला एक फेज गेला, सव्वातीनला परत आला, चारला पाणी संपलं, पाचला व्होल्टेज पडलं, अशी अख्खी रात्र लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत सरते. मोटर जळत नाही, वायरमनला बोलवावं लागत नाही. आपल्या घड्याळाचा मिलिसेकंदांचा आकडा ३२ बिटांचा आहे. तो ४९.७ दिवसांनी भरतो आणि शून्यावर येतो. त्या क्षणी पेटी शहाण्यासारखी वागते का, हे बोर्डवर बघायचं तर दीड महिन्याहून जास्त थांबा. लॅपटॉपवर मी घड्याळ भरायला दोन सेकंद असतानाच सुरू केलं आणि चहा यायच्या आत उत्तर मिळालं. हाच ४९.७ दिवसांचा आकडा विंडोज ९५ लाही भोवला होता. तेव्हा आपण एकटे नाही आहात, धीर धरा.

वेळेचा हिशेब चुकला तर तो नेहमी पंपावरच भागतो असंही नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरानला एका पॅट्रियट क्षेपणास्त्र-विरोधी यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र सापडलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक गेले. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने पुढे सरकत होतं. हा दहावा हिस्सा २४ बिटांत पूर्ण मावत नाही, किंचित कापला जातो. यंत्रणा शंभर तास चालू राहिली तेव्हा ही किंचितची बेरीज ०.३४ सेकंदांवर गेली होती, आणि तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. हा दोष पकडायला ना रडार लागतं, ना क्षेपणास्त्र. वेळेचं फंक्शन वेगळं काढायचं, त्याला शंभर तास खोटे द्यायचे आणि उत्तर बघायचं.

एवढं सगळं करून मी ५ मिनिटांची केस लॅपटॉपवर चालवली. उत्तर ३,००,००० मिलिसेकंद, म्हणजे बरोबर. १० मिनिटांचं ६,००,०००, तेही बरोबर. सगळ्या टेस्ट हिरव्यागार. तिकडे शेतकऱ्याची मोटर जळलेली आणि इकडे लॅपटॉप म्हणतोय, काही झालंच नाही. आता आपण खुर्चीत मागे रेलून म्हणत असाल, ‘बघा, मी सांगत होतो, बोर्ड पाहिजेच.’ म्हणा. आणखी दोन परिच्छेद ती खुशी आपल्याजवळ राहू द्या.

तीच फाईल मी एव्हीआरच्या कंपायलरने कंपाइल केली आणि सिमएव्हीआरमध्ये चालवली. हा सिम्युलेटर फुकट मिळतो आणि तो चिपची एकेक सूचना चिपच्याच पद्धतीने पाळतो. तिथे ५ मिनिटांचं उत्तर आलं ४,२९,४९,३९,६१६ मिलिसेकंद. म्हणजे ४९ दिवस १७ तास. आणि १० मिनिटांचं उत्तर आलं १०,१७६ मिलिसेकंद. म्हणजे दहा सेकंद. डीलरला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

आपली ती ओळ अशी आहे : थांबा = मिनिटं * ६० * १०००. दिसायला किती निष्पाप! ‘मिनिटं’ हा इंट. लॅपटॉपवर इंट ३२ बिटांचा असतो, आपल्या चिपवर १६ बिटांचा, त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. पाचाला साठाने गुणलं, तीनशे झाले. तीनशेला हजाराने गुणलं, तीन लाख व्हायला हवेत. ते मावले नाहीत, गुंडाळले गेले आणि हातात उरले उणे २७,६८०. हा उणे आकडा आपण ३२ बिटांच्या, उणे न समजणाऱ्या व्हेरिएबलमध्ये टाकलात, तो तिथे चार अब्जांवर जाऊन बसला. दहा मिनिटांचे सहा लाख गुंडाळताना नशिबाने अधिक १०,१७६ उरले. म्हणून एकाची मोटर थांबली ती थांबलीच आणि दुसऱ्याची थांबायला तयार नाही. एक अक्षर पुरेसं होतं, सर. ६० च्या पुढे एक एल लावला असता तर सगळा गुणाकार ३२ बिटांत झाला असता. निदान (६० * १०००) असा कंस टाकला असतात तरी एव्हीआरच्या कंपायलरने ‘इथे आकडा मावत नाही’ अशी वॉर्निंग दिली असती. अर्थात मेकफाईलमध्ये आपण सगळ्या वॉर्निंग बंद करून ठेवल्या आहेत. शांततेची आपल्याला फार आवड.

पहिल्या शेतकऱ्याला एकोणपन्नास दिवस थांबावं लागलं नाही, कारण मध्येच लाईट गेली. लाईट परत आली तेव्हा पेटी नव्याने सुरू झाली आणि मोटर चालू झाली. इतकी वर्षं हा दोष का दिसला नाही, याचं उत्तर तेच. लोडशेडिंगला महाराष्ट्रात एवढे लोक शिव्या देतात, त्यांच्यात आपला आवाज नसेल. आपली अब्रू त्याने राखली आहे.

पण मला खरं कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं होतं. आपल्याजवळ बोर्ड होता, मोटर होती, करंट मोजायचा क्लॅम्प मीटर होता. मग आपल्याला हे का दिसलं नाही? उत्तर आपल्याच कोडमध्ये सापडलं. एक ‘टेस्ट मोड’ आहे. त्यात मिनिटांऐवजी सेकंद धरले आहेत आणि ३० हा आकडा टाकला आहे. दर वेळी पाच मिनिटं मोटरकडे बघत कोण उभं राहणार, म्हणून आपण तीस सेकंदांवर भागवलंत. तीस गुणिले हजार म्हणजे तीस हजार. ३२,७६७ च्या आत अगदी आरामात. तीसच्या जागी तेहतीस टाकले असते तर मोटर आपल्या डोळ्यांदेखत रुसून बसली असती. म्हणजे बोर्ड असूनही आपण तपासलं नाहीत, कारण बोर्डवर वेळ खरा जातो आणि खऱ्या वेळेचा आपल्याला कंटाळा. लॅपटॉपवर वेळ फुकट आहे, तिथे पाच मिनिटंही तपासता येतात आणि पाच महिनेही. फक्त गुणाकार चिपच्या हिशेबाने करणारा सिम्युलेटर सोबत हवा.

आता लॅपटॉपवाल्यांनाही सुनावते, नाहीतर आपल्याला एकट्याला पकडल्यासारखं वाटेल. ‘माझ्या पीसीवर चालतंय’ म्हणून दारं लावून घेणारी मंडळी आपली सख्खी भावंडं. ४ जून १९९६ ला एरियान-५ चं पहिलं उड्डाण झालं आणि चाळीसेक सेकंदांत रॉकेटचे तुकडे झाले. ६४ बिटांचा एक अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबताना मावला नाही. दिशा आणि वेग सांगणारी यंत्रणा बंद पडली, तिची राखीव जोडही त्याच कारणाने त्याच वाटेने गेली. हा कोड एरियान-४ वर वर्षानुवर्षं नीट चालला होता. तो एरियान-५ च्या नव्या, अधिक वेगवान मार्गावर चालवून पाहता आला असता. पण जमिनीवरच्या चाचण्यांत ही यंत्रणा खरी न घेता तिच्या जागी तिची नक्कल घेतली होती आणि नकलेला ते आकड्याचं रूपांतर ठाऊक नव्हतं. चौकशी समितीने यावर नेमकं बोट ठेवलं. नक्कल वापरावीच, पण ती कशाची नक्कल करते आणि कशाची करत नाही, हे लिहून ठेवावं लागतं.

माझ्या नकलेचंही तेच. आपल्या पेटीतलं ३२ बिटांचं घड्याळ ८ बिटांची चिप एकेक बाइट करून वाचते. आकडा २५५ असताना तिने खालचा बाइट उचलला, तेवढ्यात टायमरचा इंटरप्ट आला, घड्याळ २५६ झालं, मग तिने वरचा बाइट उचलला. हाती आले ५११, जी वेळ तेव्हा झालेलीच नव्हती. लॅपटॉप हे ३२ बिट एका दमात वाचतो, त्यामुळे त्याच्यावर हे जन्मात दिसणार नाही. वाचताना इंटरप्ट बंद ठेवायचे, हे माहीत असावं लागतं. आपल्या कोडमध्ये ते बंद केलेले नव्हते, आता केलेत. आणि रिलेची कॉइल सोडताना उठणारा झटका, विहिरीपासून पेटीपर्यंत ओढलेल्या लांबलचक केबलने गोळा केलेला गोंगाट, मोटर सुरू होताना क्षणभर पडणारं व्होल्टेज आणि त्यात रीसेट होणारी चिप, यांपैकी काहीही माझ्या सिम्युलेटरला कळत नाही. त्यासाठी बोर्डच पाहिजे, तोही लोखंडी पेटीत, खऱ्या मोटरसमोर. बोर्ड मोलाचा आहे म्हणूनच त्याच्यासमोर बसल्यावर गुणाकार तपासू नयेत. ते घरी तपासून जावं आणि तिथे फक्त विजेशी भांडावं.

लॅपटॉपने पकडलेली आणखी एक गोष्ट सांगते आणि आवरते. मोटर किती तास चालली याची नोंद आपण दर मिनिटाला ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाईट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, एकाच जागी लिहिता. मी खोटा ईईप्रॉम बनवला, म्हणजे एक साधा अ‍ॅरे आणि प्रत्येक जागेपुढे ‘किती वेळा लिहिलं’ त्याचा आकडा. खोट्या घड्याळाने वर्ष पळवलं आणि आकडा बघितला. या चिपच्या ईईप्रॉमची हमी एका जागी १,००,००० वेळा लिहिण्याची आहे. रोज आठ तास मोटर चालली तर आपण ही हमी सातेक महिन्यांत संपवता. आपल्या पेटीची वॉरंटी एक वर्षाची आहे. बोर्ड टेबलावर दोन दिवस चालवून बघणाऱ्याला हे कधी कळणार नाही आणि ज्याला कळेल त्याच्याकडे वॉरंटीचं कार्ड असेल. नोंद आता तासाला एकदा आणि वेगवेगळ्या जागी होते.

आपण म्हणाल, मुदत कमी होती, साहेब डोक्यावर बसले होते, दिवाळीआधी माल काढायचा होता. मान्य. पण निर्णय वेगळ्या फाईलमध्ये लिहायला वेळ जास्त लागत नाही, तो नंतर उपसून काढायला लागतो. आपण वाचवलेला वेळ कुणाच्या तरी खात्यातून गेलाच आहे : थोडा माझ्या, थोडा डीलरच्या, आणि त्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या खात्यातून तर वेळेबरोबर मोटर रिवाइंडिंगचं बिलही गेलं. कंपनीने ते बिल भरून दिलं. आपल्या नव्या कंपनीत आपण म्हणे गाड्यांच्या ब्रेकवर काम करता. तिथे ब्रेक परत लावायच्या आधी किती मिलिसेकंद थांबायचं, याचा गुणाकार कधी करावा लागला तर एल विसरू नका. गाडी चालवणाऱ्याला मध्ये लोडशेडिंग मिळत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
आपल्या खुर्चीत बसलेली

ता. क. : पाच मिनिटांच्या त्या टेस्टला मी आपलं आडनाव दिलंय. ती लॅपटॉपवर आणि सिमएव्हीआरमध्ये दोन्हीकडे चालते. कोणीही कोड बदलून बिल्ड केला की स्क्रीनवर आपलं आडनाव येतं आणि त्याच्यापुढे ‘पास’ लागतं. आपण इथे होतात तेव्हा हा योग कधी आला नसावा.